मातीचे तट आणि त्यांची राखण
(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त दिलेले व्याख्यान)



‘वारसा’ हा शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर उभा राहतो तो दगड. वेरूळचे कैलास लेणे, मांडूचे महाल, ग्वाल्हेरचा किल्ला, महेश्वरचा घाट यांपैकी कशाचेही महत्त्व कोणी समजावून द्यावे लागत नाही. दगड आपली साक्ष आपणच देतो. मातीचे तसे नाही. गवताने झाकलेला, मध्येच तुटलेला, बाभळी आणि घाणेरी माजलेला एखादा लांबट उंचवटा शेताच्या कडेने जात असेल, तर तो दोन हजार वर्षांपूर्वी माणसांनी डोक्यावर पाट्या वाहून उभा केला आहे, हे पाहणाऱ्याच्या ध्यानीमनीही येत नाही. वाटसरू त्यावरून चालत जातो, गुरे त्यावर चरतात, आणि एखाद्या दिवशी घरासाठी भर टाकायची असली की त्याच उंचवट्याला कुदळ लागते. त्यात द्वेष नसतो, लोभही फारसा नसतो. असते ती केवळ अनभिज्ञता. आजच्या विवेचनाचा विषय ही अनभिज्ञता आणि तिने होणारी हानी हा आहे.

मातीचे तट दोन प्रकारचे. एक नगराभोवती फिरणारे, ज्यांना आपल्या शास्त्रग्रंथांत ‘वप्र’ अशी संज्ञा आहे. आणि दुसरे कोणत्याही नगराला न वेढता मैलोगणती सरळ जाणारे, दोन प्रदेशांमधील सीमेसारखे. दोन्हींची रचना मूलतः एकच आहे. एका बाजूस खंदक खणायचा आणि त्यातून निघालेली माती दुसऱ्या बाजूस रचायची. खंदकाची खोली आणि तटाची उंची मिळून अडसर तयार होतो. जगात बहुतेक सर्व संस्कृतींनी हे काम केले. डेन्मार्क आणि जर्मनी यांच्या सीमेजवळचा सुमारे ३० किलोमीटरांचा डानेव्हिर्के हा तट २०१८ साली जागतिक वारसा यादीत आला. नायजेरियातील इजेबू प्रदेशाला वेढणारा सुंग्बोचा एरेडो सुमारे १६० किलोमीटर लांब असून काही ठिकाणी खंदकाच्या तळापासून तटाच्या माथ्यापर्यंतची उंची २० मीटरांपर्यंत भरते. मात्र ज्याचा अभ्यास, ज्याची राखण आणि ज्याचा विध्वंस या तिन्ही गोष्टी सर्वांत बोधप्रद ठराव्यात, असा तट इंग्लंड आणि वेल्स यांच्या सीमेवर आहे. त्याचे नाव ऑफाचा तट.

ऑफा हा मर्सिया या अँग्लो-सॅक्सन राज्याचा राजा. त्याची कारकीर्द इ. स. ७५७ ते ७९६. फ्रँकांचा राजा शार्लमेन याने ज्याला बरोबरीच्या नात्याने पत्र लिहिले, असा हा बलिष्ठ राजा होता. त्याच्या नावाचे एक सोन्याचे नाणे ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ते बगदादच्या अब्बासी खलिफाच्या हिजरी १५७, म्हणजे इ. स. ७७४ च्या दिनारची नक्कल असून अरबी मजकुराच्या मध्ये ‘ऑफा राजा’ ही लॅटिन अक्षरे कोरली आहेत. तीही अरबीच्या मानाने उलटी, कारण ठसा करणाऱ्याला ती लिपी वाचता येत नव्हती. अशा या राजाने वेल्स आणि मर्सिया यांच्यामध्ये समुद्रापासून समुद्रापर्यंत मोठा तट बांधविला, असे अॅसर या बिशपने इ. स. ८९३ च्या सुमारास आल्फ्रेड राजाच्या चरित्रात लिहून ठेवले आहे. या तटाविषयीचा सर्वांत जुना लेखी पुरावा एवढाच. तट कोणत्या वर्षी बांधला, किती माणसे लागली, याविषयी समकालीन कागद एकही नाही.

म्हणून पुढचा सारा इतिहास मातीतूनच वाचावा लागला. सर सिरिल फॉक्स यांनी १९२५ ते १९३२ या काळात हा तट पायी फिरून मोजला आणि १९५५ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांना दिसले ते असे की खंदक बहुतेक सर्वत्र पश्चिमेस, म्हणजे वेल्सच्या बाजूस आहे. तट टेकड्यांच्या अशा उतारांवरून नेला आहे की पूर्वेकडून उभे राहिल्यास पश्चिमेचा मुलूख नजरेखाली यावा. खंदकासह त्याची रुंदी काही ठिकाणी २० मीटरांपर्यंत, तर आज उरलेली उंची अडीच मीटरांपर्यंत भरते. अॅसरच्या शब्दाप्रमाणे तो समुद्रापासून समुद्रापर्यंत मात्र सलग नाही. मध्ये लांबलांब अंतरे रिकामी आहेत. मग तो युद्धासाठी होता, की उभयपक्षी मान्य झालेली सीमारेषा होती, की गुरे पळविणाऱ्या टोळ्यांना अडविण्यासाठी आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांवर नजर ठेवण्यासाठी होता, यावर विद्वानांत मतभेद आहेत. पुढच्या पिढीतील डेव्हिड हिल आणि मार्गारेट वर्दिंग्टन यांनी अनेक वर्षे उत्खनने करून, ऑफाचा म्हणता येईल असा सलग भाग सुमारे १०३ किलोमीटरांचाच आहे, असा निष्कर्ष काढला. वाद मिटलेला नाही. परंतु वाद चालू राहू शकतो तो तट शिल्लक आहे म्हणूनच, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

मातीचा तट स्वतःविषयी काय सांगू शकतो, हे थोडे समजून घेणे अगत्याचे आहे. तट रचला जातो त्या क्षणी त्याच्याखालची जमीन जणू मोहोरबंद होते. त्या दिवसापर्यंतचे गवत, परागकण, कोळशाचे कण, नांगराचे तास हे सारे त्या भाराखाली शतकानुशतके तसेच राहते. कोळशातील किरणोत्सर्गी कार्बनावरून त्याचे वय काढता येते. वाळूच्या कणांवर सूर्यप्रकाश शेवटचा कधी पडला, हेही आता मोजता येते. या पद्धतीनेच ऑफाच्या तटाला बऱ्याच अंशी समांतर जाणारा वॉटचा तट नवव्या शतकाच्या आरंभीचा असावा, असे अनुमान निघाले. वास्तविक या विचाराचा पाया त्याहून जुना आहे. १८८२ साली ब्रिटनमध्ये प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा पहिला कायदा झाला आणि त्याखालील पहिले निरीक्षक म्हणून जनरल पिट-रिव्हर्स यांची नेमणूक झाली. त्यांनी दक्षिण इंग्लंडमधील बोकर्ली आणि वान्सडाइक या दोन तटांना छेद घेतले. तटाच्या पोटात रोमन काळातील वस्तू सापडल्या, तेव्हा तट त्या वस्तूंहून जुना असू शकत नाही, हे साधे पण निर्णायक तर्कशास्त्र त्यांनी वापरले. लोकांची समजूत मात्र निराळी होती. वान्सडाइक म्हणजे वोडन देवाचा तट. इतर कित्येक तट सैतानाने उभे केले, अशी श्रद्धा. आपल्याकडे लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली असे म्हणतात, त्याच जातीची ही श्रद्धा. कर्ता विसरला गेला की काम अमानवी ठरते.

पिट-रिव्हर्स यांच्या शिस्तीचा वारसा चालविणारे मॉर्टिमर व्हीलर यांनी १९३४ ते १९३७ या काळात डॉर्सेटमधील मेडन कॅसल या मातीच्या प्रचंड दुर्गाचे उत्खनन केले. लंडनमध्ये शिकत असलेले एक तरुण भारतीय विद्यार्थी तेथे काम शिकण्यासाठी गेले होते. ते म्हणजे पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात महाराष्ट्राच्या पुरातत्त्वाचा पाया घालणारे ह. धी. सांकलिया. १९४४ साली व्हीलर भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होऊन आले आणि त्यांनी तक्षशिलेस तरुणांचे प्रशिक्षण सुरू केले. त्यांतील ब्रजबासी लाल यांनी १९४८ साली भुवनेश्वरजवळील शिशुपालगडच्या मातीच्या तटाचा छेद घेतला. म्हणजे इंग्लंडातील गवताळ बांधांवर तयार झालेली दृष्टी भारतातील तटांपर्यंत अशा प्रकारे येऊन पोहोचली.

परंतु ही विद्या भारताला अपरिचित होती असे मात्र नव्हे. १९०५ साली म्हैसूरच्या शामशास्त्रींच्या हाती आलेल्या आणि १९०९ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रात दुर्गविधानाचे संपूर्ण प्रकरण आहे. मुंबई विद्यापीठासाठी प्रा. र. पं. कंगले यांनी १९६० पासून सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीमुळे ते अभ्यासकांना विश्वासाने वाचता येते. कौटिल्य सांगतो, नगराभोवती तीन परिखा खणाव्यात. परिखेपासून चार दंड अंतरावर, खणून निघालेल्या मातीचा सहा दंड उंच आणि त्याच्या दुप्पट रुंद असा वप्र घालावा. हत्ती आणि बैल यांच्याकडून तो तुडवून घट्ट करावा. त्यावर काटेरी झुडपे आणि विषारी वेली लावाव्यात. उरलेली माती सखल जागा भरण्यासाठी वापरावी. पाहण्यासारखे हे आहे की यातील एकही सूचना पुस्तकी नाही. तुडविल्याने माती दबते आणि पावसाचे पाणी आत शिरत नाही. मुळांनी उतार धरून ठेवला जातो. काट्यांनी माणूसही अडतो आणि गुरेही. तटाच्या बांधणीचे शास्त्र आणि तटाच्या राखणीचे शास्त्र एकच असल्याचे कौटिल्याने जाणले होते.

माळव्यातील माणसाला या वप्राचे उदाहरण शोधण्यास दूर जावे लागत नाही. इंदूरहून थोड्याच अंतरावर उज्जैन आहे. महाकालाच्या दर्शनास जाणाऱ्या हजारोंपैकी गढकालिकेच्या दर्शनासही पुष्कळ जातात; परंतु देवीचे ठाणे ज्या गढावर आहे, तो प्राचीन उज्जयिनीचा तटबंद भाग आहे, हे थोड्यांनाच ठाऊक असते. ग्वाल्हेर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मो. ब. गर्दे यांनी १९३८-३९ च्या सुमारास उज्जैनच्या परिसरात उत्खनन केले होते. पुढे भारतीय पुरातत्त्व खात्याच्या वतीने नि. र. बॅनर्जी यांनी १९५६ ते १९५८ या काळात गढाचा तट कापून पाहिला. इसवी सनापूर्वी सहाव्या-सातव्या शतकाच्या आसपासचा हा मातीचा तट पायथ्याशी ७० मीटरांहून अधिक रुंद आणि आजही दहा मीटरांहून अधिक उंच असल्याचे आढळले. एका अंगास क्षिप्रा, इतर अंगांस खंदक. नदीच्या बाजूस लाटांचा मार चुकविण्यासाठी तटाला लाकडी ओंडक्यांचा आधार दिलेला होता. पुराने तट फोडल्याच्या आणि लोकांनी तो पुन्हा बांधून काढल्याच्या खुणाही छेदात स्पष्ट होत्या. म्हणजे चंडप्रद्योताच्या अवंतीची कथा आपण ग्रंथांतून वाचतो, तिच्या काळाच्या आसपास क्षिप्रेचा पूर कसा येत असे आणि नगरवासी त्याला कसे तोंड देत, हे मातीने नोंदवून ठेवले आहे. कालिदासाच्या मेघदूतात वप्रक्रीडा करणारा हत्ती येतो. काव्य वाचताना त्या शब्दाचा अर्थ टीपेत पाहावा लागतो. गढकालिकेच्या मागच्या उतारावर उभे राहिले तर तो पायाखालीच असतो.

मराठी मुलखातही अशी स्थळे आहेत. भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे वैनगंगेच्या काठी प्राचीन गावाला तीन बाजूंनी मातीचा तट आणि खंदक असून चौथी बाजू नदीने राखली आहे. शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांनी १९६९-७० साली तेथे केलेल्या उत्खननात मोठा बौद्ध स्तूप प्रकाशात आला. महाराष्ट्रातील जुन्या वस्त्यांच्या टेकाडांना खेड्यात ‘पांढर’ म्हणतात आणि शेतजमिनीला ‘काळी’. या पांढरीची माती खत म्हणून शेतात नेण्याची आणि घरे सारवण्या-लिंपण्यासाठी वापरण्याची पद्धत फार जुनी आहे. ती करणाऱ्याचा दोष नाही. परंतु कित्येक प्राचीन वस्त्यांचे वरचे थर याच मार्गाने नाहीसे झाले, हेही खरे आहे.

आता राखणीच्या मूळ प्रश्नाकडे वळले पाहिजे. ऑगस्ट २०१३ मध्ये वेल्समधील चर्क आणि लॅंगॉल्लेन यांच्या दरम्यान ऑफाच्या तटाचा सुमारे ४५ मीटर लांबीचा भाग यंत्राने सपाट करण्यात आला. तो भाग कायद्याने संरक्षित होता. तरीही कोणावर खटला उभा राहू शकला नाही. कारण १९७९ च्या ब्रिटिश कायद्यात, स्मारक संरक्षित असल्याचे माहीत नव्हते, हा आरोपीचा बचाव मान्य होता. आणि माहीत होते हे सिद्ध करता आले नाही. बाराशे वर्षे टिकलेला तट एका दिवसात गेला आणि कायदा रिकाम्या हाताने परतला. या प्रकारासंबंधी मोठी चर्चा झाली. २०१६ साली वेल्सच्या विधिमंडळाने नवा कायदा करून हा बचाव संकुचित केला. केवळ ठाऊक नव्हते एवढे म्हणणे पुरेसे नाही. ठाऊक करून घेण्यासाठी शक्य ती वाजवी चौकशी केली होती, हे आरोपीने दाखविले पाहिजे, असे ठरले. कायद्याच्या भाषेत हा बदल लहान वाटतो. परंतु त्यामागील तत्त्व मोठे आहे. वारसा ओळखण्याची जबाबदारी एकट्या सरकारची नसून जमिनीवर कुदळ टाकणाऱ्याचीही आहे, हे त्याने मान्य केले.

आपल्याकडे १९०४ साली लॉर्ड कर्झन यांच्या काळात प्राचीन स्मारकांचा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९५८ चा कायदा आला. २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित हद्दीपासून १०० मीटरांपर्यंत बांधकामास मनाई आणि पुढील २०० मीटरांत नियंत्रण असा नियम घातला, आणि नासधुशीची शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद वा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी वाढविली. केंद्राच्या संरक्षणाखाली साडेतीन हजारांहून अधिक स्थळे आहेत. तरीही कागदावरील संरक्षण आणि मातीवरील संरक्षण यांत किती अंतर असते, हे शिशुपालगडावर दिसते. सुमारे सव्वा किलोमीटर बाजू असलेले ते चौरस नगर, प्रत्येक बाजूस दोन अशी आठ महाद्वारे, पायथ्याशी ११० फुटांहून रुंद असलेला तट. हे सारे संरक्षित यादीत आहे. पण आतील बहुतांश जमीन खाजगी, आणि शेजारी वाढणारे राजधानीचे शहर. घरे तटाला भिडली आणि काही ठिकाणी आतही आली.

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने मान्य केली पाहिजे. देवळाचे रक्षण करणे म्हणजे एका आवाराचे रक्षण करणे होय. तटाचे रक्षण करणे म्हणजे शेकडो शेतांतून जाणाऱ्या एका रेषेचे रक्षण करणे. ती रेषा ज्याच्या दोन एकरांतून गेली, त्याला घर वाढविता येत नाही, विहीर खणता येत नाही, आणि त्या बदल्यात त्याच्या पदरात काही पडत नाही. अशा शेतकऱ्याला इतिहासाचे प्रेम शिकविणे सोपे आहे. त्याचे नुकसान सोसणे कठीण. ब्रिटनच्या कायद्यात जमीनमालकाशी करार करून तटाच्या देखभालीसाठी त्याला मोबदला देण्याची तरतूद आहे, ती याच विचाराने. तेथेही सारे सुरळीत आहे असे नाही. ऑफाच्या तटाचा काही भाग नांगराखाली गेला, काही रस्त्याखाली, काही चर्कच्या गढीच्या उद्यानातील कृत्रिम तळ्याखाली. ससे आणि बिळे करणारे इतर प्राणी तो पोखरतात, वादळात झाड उन्मळले तर मुळांबरोबर तटाचा लचका निघतो. १९७१ साली तटाच्या अनुषंगाने २८५ किलोमीटरांची राष्ट्रीय पायवाट खुली झाली. प्रेमाने येणाऱ्या या यात्रेकरूंच्या पावलांनीही माथा झिजतो. माती ही अशी आहे. तिला शत्रूही झिजवितो आणि भक्तही.

मग या मातीची राखण कोणी करावयाची? ऑफाच्या तटाच्या बाबतीत एका लहान गावाने याचे उत्तर दिले. वेल्सच्या सीमेवरील नाइटन या गावाचे वेल्श नावच ‘तटावरचे गाव’ अशा अर्थाचे आहे. तेथे १९६९ साली तटप्रेमी नागरिकांनी संस्था स्थापन केली. पायवाटेसाठी प्रयत्न करणे, तटाची स्थिती पाहून नोंदविणे, माहिती छापणे, शाळकरी मुलांना तट दाखविणे अशी कामे तिने केली. सरकारी निरीक्षक वर्षातून एकदा येतो. गावातील माणूस रोज तेथून जातो. तटावर यंत्र आलेले प्रथम दिसते ते त्यालाच. परंतु जे दिसते आहे ते काय आहे, हे त्याला ठाऊक असले पाहिजे.

हे ठाऊक करून देण्याचे काम ज्या संस्थांचे आहे, त्यांत ग्रंथालयाचा क्रम वरचा लागतो. जुन्या ग्रंथालयाच्या कपाटांत संस्थानी काळातील गॅझेटियर असतात, पुरातत्त्व खात्याचे वार्षिक अहवाल असतात, जुने नकाशे असतात. आज सपाट झालेल्या कित्येक तटांची रेषा त्या नकाशांवर अजून आहे. उज्जैनच्या विष्णु श्रीधर वाकणकरांनी माळव्याची पायपीट करून कायथ्यासारखी स्थळे आणि भीमबेटकाची चित्रे जगासमोर आणली. त्या कामामागे त्यांची चाल होती तशीच त्यांची नोंदवही होती. त्यांच्यासारखी दृष्टी प्रत्येकाला लाभत नाही. पण आपल्या गावाभोवतीचा उंचवटा कोणता, त्याला लोक काय म्हणतात, तो कोठून कोठे जातो, एवढे लिहून ग्रंथालयात ठेवणे कोणालाही शक्य आहे. कोट, गढ, गढी, खंदक, तट, पांढर ही ज्या वस्त्यांची, वाटांची आणि शेतांची नावे आहेत, तेथे बहुधा मातीखाली काहीतरी असते. नाव पुसले गेले की खूण गेली, आणि खूण गेली की कुदळीला अडविणारे कोणी उरत नाही.

शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी हे ग्रंथालय स्थापले, त्यांनी मराठी मुलखापासून दूर येऊन वर्गणीच्या पैशांतून ग्रंथ जमविले, फाटलेली पाने चिकटविली, वाळवीपासून कपाटे राखली. त्यांच्या कामाला मोठी इमारत लागली नाही, लागली ती रोजची काळजी. मातीच्या तटांनाही तेवढीच हवी आहे. पुढील वर्षापासून ग्रंथालयाने दरवर्षी एका दिवसाची सहल गढकालिकेसारख्या स्थळी न्यावी, आणि आजूबाजूच्या उंचवट्यांच्या नोंदींची एक वही येथील संदर्भ विभागात ठेवावी, एवढी सूचना या व्याख्यानाच्या शेवटी करणे अनुचित होणार नाही. त्या वहीचे पहिले पान कोणी सभासद लिहील, तर शताब्दीचा हा समारंभ सार्थकी लागेल.